मोलाचीं माणसें

फुटबॉलचा सामना पाहतांना माणसाची जीभ जितकी मोकळी सुटते, तितकी ती दुसऱ्या कोणत्याहि प्रसंगीं सुटत नसेल. एरवीं वयानें मोठ्या माणसाला अरेतुरे केलेलें आमच्या घरांत खपत नाहीं. परंतु पडद्यावरच्या खेळाडूला 'गाढवा' म्हणण्याची मुभा मीं माझ्या मुलाला अगदीं लहानपणापासून देऊन ठेविली होती. न देऊन करतों काय? ही विद्या तो माझ्यापाशींच शिकला. माझें बालपण कोल्हापुरांत गेलें. जेथें पेठेपेठेंतल्या तालमीचा स्वतःचा फुटबॉलचा संघ असतो, आणि पाटाकडील तालीम व खंडोबा तालीम समोरासमोर आल्या म्हणजे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मुंगीलाहि शिरायला वाव उरत नाहीं, त्या गांवांतल्या मुलाला फुटबॉलची गोडी कोणी लावावी लागत नाहीं. गोवर यावा तशी ती त्याला येते. फरक इतकाच, कीं गोवर पुढें उतरतो.

पुढें मी इंग्रजीचा प्राध्यापक झालों. शेक्सपिअर आणि वर्डस्वर्थ शिकवूं लागलों; केस पिकले, चष्म्याचा नंबर वाढला. परंतु शनिवारीं रात्रीं दूरचित्रवाणीवर इंग्लंडमधला एखादा सामना लागला, कीं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आजहि बाजूला सारला जातो, आणि माझ्या आंतलें तें पेठेंतलें पोर पाय दुमडून खुर्चींत बसतें.

या खेळाच्या दुनियेंत माणसांची एक जात अशी आहे, कीं तिच्याविषयीं मला पुष्कळ दिवस लिहावयाचें होतें. भलीमोठी रक्कम मोजून, वाजतगाजत आणलेला, आणि मग कांहीं केल्या न चाललेला खेळाडू! प्रत्येक संघाच्या चाहत्यापाशीं अशा नांवांची एक यादी असते. आणि आपल्या संघानें जिंकलेल्या चषकांची यादी तो जितक्या उत्साहानें म्हणून दाखवितो, त्याहून अधिक उत्साहानें तो ही म्हणून दाखवितो. विजयाचा आनंद शिळा होतो. फसवले गेल्याचा राग मात्र रोज ताजा करून घेतां येतो. अशा फसलेल्या खेळाडूंविषयीं लिहावयाचें मीं अनेकदां मनांत आणलें आणि अनेकदां टाळलें. कारण त्यांच्याविषयीं लिहितांना माझी स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावांचून सुटका होईलसें दिसत नव्हतें.

२०११ सालच्या जानेवारीच्या ३१ तारखेला चेल्सी संघानें फर्नांदो टोरेस या स्पॅनिश खेळाडूला लिव्हरपूलकडून ५ कोटी पौंडांना घेतलें. ब्रिटनमध्यें तोंवर एका खेळाडूसाठीं एवढी रक्कम कोणत्याहि संघानें मोजली नव्हती. माणूसहि तसाच होता. लिव्हरपूलसाठीं १४२ सामन्यांत ८१ गोल. २००८ सालच्या युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यांत जर्मनीविरुद्धचा एकुलता एक गोलहि त्याचाच. माझा मुलगा तेव्हां नववींत होता, आणि चेल्सीचा निस्सीम भक्त होता. त्यानें शाळेंत पेढे वाटले नाहींत इतकेंच. टोरेसचें निळ्या पोषाखांतलें चित्र त्याच्या टेबलावरच्या भिंतीवर लागलें; तेथें पूर्वीं आवर्त सारणी होती.

योगायोग असा, कीं टोरेसचा पहिलाच सामना लिव्हरपूलशीं पडला, आणि चेल्सी संघ तो एका गोलानें हरला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतात. येथें नऊ दिवसहि भरले नाहींत. चेंडू पायांशीं येई, आणि पूर्वीं जो पाय विचार न करतां चाले, तो आतां क्षणभर विचार करूं लागे. या खेळांत क्षणभराचा विचार म्हणजे कायमचा उशीर. गोलाविना त्याचीं सलग नऊशेंहून अधिक मिनिटें गेलीं. भिंतीवरचें चित्र आधीं कपाटाच्या दारावर गेलें, आणि मग कपाटाच्या मागें.

एप्रिलच्या मध्यावर एके रात्रीं मुलानें टोरेसला उद्देशून जो शब्द उच्चारला, तो आमच्यांतल्या ठरलेल्या मुभेच्या पलीकडचा होता. मीं आवाज बंद केला आणि त्याला समोर बसविलें.

"पण बाबा, पांच कोटी पौंड! पांच कोटी मोजलेत त्याला!"

"त्याला नाहीं मोजले. त्याच्यासाठीं मोजले," मी म्हणालों, आणि प्राध्यापकाला घरांत श्रोता मिळाल्यावर जें व्हावयाचें तेंच झालें. मीं त्याला व्याख्यान दिलें. तें येथें देतों, कारण त्यांतला शब्द न् शब्द मला पुढें आठवावा लागला.

मी म्हणालों: माणसाला किंमत लावण्याचा हा धंदा आजचा नव्हे. १९०५ च्या फेब्रुवारींत मिडल्सबरो संघानें अल्फ कॉमन नांवाचा खेळाडू संडरलंडकडून १,००० पौंडांना घेतला. चार आंकडी किंमत आलेला हा पहिला खेळाडू. इंग्लंडांतल्या सभ्य गृहस्थांना त्याचा मोठा धक्का बसला. घोड्यांचा बाजार असतो, तसा हा माणसांचा बाजार शोभतो काय, अशी ओरड झाली. १९०८ सालीं फुटबॉलच्या चालकांनीं असा नियमहि केला, कीं कोणत्याहि खेळाडूसाठीं ३५० पौंडांहून अधिक रक्कम देतां कामा नये. आणि कांहीं महिन्यांतच तो गुंडाळून ठेवला. बाजाराला कुंपण घालूं पाहणाऱ्यांची गत सर्वत्र सारखीच. कॉमन मात्र पैशाला जागला. नव्या संघाच्या पहिल्या सामन्यांत त्यानें पेनल्टीवर गोल केला, आणि मिडल्सबरोला परक्या मैदानावर जवळजवळ दोन वर्षांनीं विजय मिळाला. असें झालें म्हणजे बाजाराला कोणी नांवें ठेवीत नाहीं.

परंतु १९३८ सालीं काय झालें तें ऐक. आर्सेनल संघांत अ‍ॅलेक्स जेम्स नांवाचा एक ठेंगणा स्कॉटिश खेळाडू होता. गुडघ्यांपर्यंत लोंबणारी ढगळ विजार घालून तो मैदानांत उतरे, आणि सारा संघ त्याच्या पायांच्या इशाऱ्यावर नाचे. त्याच्या काळांत आर्सेनलनें चार वेळां लीगचें अजिंक्यपद मिळविलें. १९३७ सालीं तो निवृत्त झाला, आणि त्याची जागा कोणी घ्यावी हा प्रश्न उभा राहिला. १९३८ च्या ऑगस्टांत आर्सेनलनें वुल्व्हरहॅम्प्टनच्या ब्रिन जोन्सला १४,००० पौंडांना घेतलें. ब्रिटनमध्यें तोंवर एवढी किंमत कोणत्याहि खेळाडूला आली नव्हती. युरोपावर युद्धाचें सावट पडलें होतें. तरीहि या रकमेची चर्चा पार्लमेंटपर्यंत पोंचली.

हा जोन्स वेल्समधल्या मर्थर टिडफिल या खाणींच्या गांवचा. स्वतः खाणींत राबलेला, अंगकाठीनें लहान, स्वभावानें अबोल. पहिल्या सामन्यांत त्यानें गोल केला. परंतु लवकरच गोल आटले. त्या मोसमांत ३० लीग सामन्यांत चार. वर्तमानपत्रांत त्याचें नांव आलें कीं १४,००० हा आंकडा आडनांवासारखा पाठोपाठ येई. दुसरेपणावर दिलेल्या मुलीला घरांत जें भोगावें लागतें, तेंच याला मैदानावर भोगावें लागलें. रोज सकाळीं पहिलीच्या तसबिरीला हार घालावयाचा, आणि रोज दुपारीं 'तिच्या हातची आमटी' कशी असे तें ऐकावयाचें! शेवटीं त्या बिचाऱ्यानें आपण होऊन विनंती केली, कीं मला कांहीं दिवस राखीव संघांत खेळूं द्या. राखीव संघाचे सामने पाहावयाला कोण येतो? तेथें कोणी पाहणार नाहीं, मन थाऱ्यावर येईल, पाय पुन्हां चालूं लागतील, असा त्याचा हिशेब. झालें काय? जोन्स खेळणार हें कळतांच त्या सामन्याला ३३,००० प्रेक्षक लोटले. माणसानें लपावयाला अंधारी खोली मागावी, आणि लोकांनीं ती गॅसच्या बत्त्या लावून भरून टाकावी, तसें हें झालें.

पुढच्याच वर्षीं युद्ध सुरू झालें, लीग बंद पडली, आणि ती पुन्हां सुरू झाली तेव्हां १९४६ साल उजाडलें होतें. जोन्स चौतीस वर्षांचा झाला होता. सावरावयाला जीं वर्षें हवीं होतीं, तीं युद्धानें गिळलीं. आज त्याचें नांव निघतें तें बहुधा किंमतींच्या यादींत.

"आणि त्याच आर्सेनलमध्यें," मी समारोपाकडे वळलों, "१९९५ सालीं डेनिस बर्गकॅम्प हा डच खेळाडू आला. ७५ लाख पौंड. इटलींत दोन वर्षें खेळून फसलेला, म्हणजे अगोदरच पडलेला माल! येथेंहि पहिले कांहीं आठवडे गोल नाहीं. वर्तमानपत्रांनीं टर उडविली. सप्टेंबरच्या अखेरीस साउदॅम्प्टनविरुद्ध दोन गोल झाले, आणि मग तो अकरा वर्षें तेथेंच खेळला. तेव्हां, बाळा, माणसाला वेळ द्यावा लागतो."

"किती?"

"निदान दोन वर्षें तरी."

हें वाक्य मीं बोललों, त्या वेळीं माझ्या खुर्चीच्या पायाशीं माझी कॉलेजची पिशवी होती, आणि त्या पिशवींत मीं भरून ठेविलेला एक गोपनीय अहवाल होता.

त्या अहवालाकडे वळण्यापूर्वीं, त्या रात्रीं मला ठाऊक नसलेल्या दोनतीन गोष्टी येथेंच सांगून टाकतों; त्या सांगितल्या नाहींत तर माझी चूक नीट समजावयाची नाहीं.

टोरेस गेला त्याच दिवशीं लिव्हरपूलनें त्याच्या जागीं न्यूकॅसलच्या अँडी कॅरोल या बावीस वर्षांच्या तरुणाला साडेतीन कोटी पौंडांना घेतलें. हा उंचापुरा गडी त्या वेळीं दुखापतीनें घरीं बसलेला होता, आणि पहिल्या दर्जाच्या लीगमध्यें त्याचा अर्धा मोसमच काय तो भरघोस झाला होता. मग साडेतीन कोटी कोठून आले? लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनीं पुढें एका मुलाखतींत या गोष्टीचा उलगडा केला. त्यांना महत्त्व होतें तें दोन रकमांतल्या दीड कोटीच्या अंतराला. टोरेसचे साडेतीन कोटी आले असते, तर कॅरोलचे दोन दिले असते. चार आले असते, तर अडीच. पांच आले, म्हणून साडेतीन दिले! म्हणजे ज्या आंकड्याच्या नांवानें हजारों लोकांनीं त्या पोराला पुढें दीड वर्ष हिणवलें, त्या आंकड्याचा त्याच्या पायांशीं किंवा डोक्याशीं फारसा संबंधच नव्हता. तो वजाबाकींतून निघाला होता. कॅरोलनें लिव्हरपूलसाठीं ४४ लीग सामन्यांत ६ गोल केले. वजाबाकी कोणीं केली हें विसरून लोकांनीं भागाकार मात्र चोख केला, आणि एकेक गोल केवढ्याला पडला तें काढलें.

आपल्याकडे 'पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल' अशी म्हण आहे. म्हैस पाण्यांत बुडालेली. वर दिसतात तीं नुसतीं शिंगें. आणि कांठावर उभे राहून सौदा चालला आहे. टोरेसच्या गुडघ्यावर २०१० सालीं दोनदां शस्त्रक्रिया झाली होती. त्या उन्हाळ्यांत स्पेननें विश्वचषक जिंकला, त्यांत त्याचा एकहि गोल नव्हता. हें सारें जगजाहीर होतें. परंतु मुदतीचा शेवटचा दिवस, गांठीला पैसा आणि मनांत २००८ चा टोरेस, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर पाण्याखालीं वांकून कोण पाहतो?

फसलेले हे खेळाडू सारे एका सांच्यांतले असतात असेंहि नाहीं. कोणाचें शरीरच दगा देतें. एडन हॅझार्डला २०१९ सालीं रिअल माद्रिदनें सुमारें दहा कोटी युरो देऊन नेलें; त्याच हिवाळ्यांत त्याचा घोटा दुखावला, आणि चार वर्षांत ७६ सामने व ७ गोल एवढ्यावर त्याचा तेथला हिशेब संपला. बत्तिसाव्या वर्षीं त्यानें खेळणेंच सोडलें. कोणाला माती मानवत नाहीं. उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला मँचेस्टर युनायटेडसाठीं पहिला गोल करावयाला आठ महिने लागले. तेथून तो स्पेनमध्यें गेला, दोनदां त्या देशाच्या लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि २०१० च्या विश्वचषकांत सर्वोत्तम खेळाडूचा मान घेऊन गेला. पाय तेच होते, मैदान बदललें. फिलिपे कुटिन्योची तऱ्हा तर याहून विलक्षण. बार्सेलोनानें २०१८ सालीं अफाट रक्कम देऊन घेतलेल्या या ब्राझिलियन खेळाडूला तेथें सूर सांपडेना, तेव्हां त्यांनीं त्याला बायर्न म्युनिककडे उसना दिला. २०२० च्या ऑगस्टांत लिस्बन येथें बायर्ननें बार्सेलोनाचा ८–२ असा फडशा पाडला, आणि त्यांतले शेवटचे दोन गोल या उसन्या दिलेल्या माणसाचे होते. ज्यांनीं त्याला उसना दिला, त्यांच्याच जाळ्यांत! दोन्ही गोलांनंतर त्यानें जल्लोष केला नाहीं. तें पाहतांना मला जें वाटलें, तें केवळ फुटबॉलविषयीं नव्हतें.

आतां तो अहवाल.

२०१० च्या जूनमध्यें आमच्या विभागांत एक तरुण अध्यापक आले. विभागप्रमुख या नात्यानें मी निवड समितीवर होतों. सुवर्णपदक, मोठ्या शहरांतल्या विद्यापीठाची पदवी, नामांकित नियतकालिकांत छापून आलेले दोन शोधनिबंध. मुलाखत पंचवीस मिनिटांची झाली, आणि ते बाहेर जातांच मी म्हणालों, "हा माणूस मिळाला तर आपल्या विभागाचें भाग्य उजळेल." एवढ्यावर मी थांबलों नाहीं. पहिल्या तासाला मीं स्वतः त्यांना वर्गावर नेलें, आणि दीडशें मुलांसमोर त्यांची अशी ओळख करून दिली, कीं ती ऐकून त्यांनीं खालीं पाहिलें. मला वाटलें, विनय आहे. ती भीति होती.

त्यांचा आवाज बारीक होता. ते बोलत तें मोलाचें असे, परंतु तें तिसऱ्या बांकापलीकडे जात नसे. मागच्या बांकांवर गलका सुरू होई. गलका वाढला कीं आवाज आणखी बारीक होई. दिवाळीपर्यंत मुलें 'सुवर्णपदक' हा शब्द टोपणनांवासारखा वापरूं लागलीं. जानेवारींत तक्रारी आल्या. मला राग आला. आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर तो राग मुलांच्या नुकसानीचा नव्हता. मीं केलेली निवड फसली, मीं केलेली स्तुति माझ्या अंगावर आली, याचा तो राग होता. माझ्या मुलानें भिंतीवरचें चित्र कपाटामागें ढकललें, तेव्हां त्याच्या तोंडावर मीं जो राग पाहिला, तोच. अहवालांत मीं लिहिलें: 'अपेक्षांना उतरले नाहींत.' तीन शब्द. कोणाच्या अपेक्षा, त्या कोणीं वाढविल्या, हें लिहावयाला त्या छापील नमुन्यांत रकाना नव्हता.

हें इतकेंच असतें तर माणसाच्या नेहमींच्या चुकांत मीं तें जमा केलें असतें. परंतु १९९३ सालीं या महाविद्यालयांत मीहि असाच वाजतगाजत आलों होतों. ज्यांच्या जागीं मी आलों, त्या सरांचा मॅक्बेथ ऐकावयाला शास्त्र शाखेचीं मुलें खिडकींत उभीं राहत. मी सव्वीस वर्षांचा. मला वाटलें, आपणहि तसेंच गर्जावें. मीं त्यांच्यासारखा आवाज लावला, त्यांच्यासारखे हातवारे केले, आणि दिवाळीपर्यंत माझा वर्ग अर्धा रिकामा झाला. त्या हिवाळ्यांत सरांनीं मला घरीं चहाला बोलाविलें. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, "अहो, माझी खुर्ची तुम्हांला मिळाली, ठीक झालें. पण माझा आवाज कशाला घेतलात? तुमचा स्वतःचा असेल कीं." बस्स, एवढेंच. त्यांनीं त्याच आठवड्यांत प्राचार्यांना भेटून 'याला दोन वर्षें कांहीं बोलूं नका' असें सांगितलें होतें, हें मला फार उशिरां कळलें. मुलाला मीं दोन वर्षांची मुदत सांगितली, ती कोठून आली हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. ती मला मिळाली होती. ती मीं पुढें दिली नाहीं.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशीं मीं अहवाल कार्यालयांत नेऊन दिला. त्यानंतर कांहीं दिवसांनीं, २३ एप्रिलला, शनिवारीं रात्रीं, चेल्सीचा वेस्ट हॅमशीं सामना होता. लंडनमध्यें पाऊस कोसळत होता. मैदानावर जागोजाग पाणी सांचलें होतें. शेवटचीं पंधरा मिनिटें उरलीं तेव्हां टोरेसला बदली खेळाडू म्हणून उतरविण्यांत आलें. थोड्या वेळानें गोलासमोर त्याच्याकडे चेंडू आला, आणि नेमका एका डबक्यांत अडकला. सर्वांची दिशा चुकली. टोरेस वळला, आणि त्यानें तो गोलांत मारला. आणि मग जें झालें तें मी विसरणार नाहीं. चेल्सीचे सारे खेळाडू धांवत जाऊन त्याच्या अंगावर पडले. चेल्सी संघ आधींच एका गोलानें पुढें होता. या गोलानें ती आघाडी वाढली, इतकेंच. तरी ते असे नाचले, कीं जणूं घरांतला आजारी माणूस उठून बसला आहे. माझा मुलगा उठून कपाटामागें हात घालून तें चित्र काढूं लागला. मी टाळ्या वाजवीत होतों. वाजवतां वाजवतां माझे हात थांबले.

सोमवारीं जाऊन तो अहवाल मला परत मागतां आला असता. कार्यालयांतल्या टपालांत तो आणखी आठवडाभर पडून होता, हें मला माहीत होतें. सोमवारीं मी कार्यालयावरून गेलों. आंत गेलों नाहीं. दिलेला शब्द मागें घेण्यापेक्षां माणसाला माघारी लावणें सोपें असतें. मे महिन्यांत त्या तरुणानें राजीनामा दिला. निरोपाला चहा आणि वेफर्स होते. मीं चार शब्द बोललों. ते चांगले होते, आणि फुकट होते.

टोरेसचें पुढें काय झालें तें पुष्कळांना ठाऊक आहे. चेल्सीसाठीं त्यानें १७२ सामने खेळून ४५ गोल केले. पांच कोटींच्या मापानें ते कमीच. तरी २०१२ च्या एप्रिलमध्यें बार्सेलोनाच्या मैदानावर, अगदीं शेवटच्या क्षणीं, अर्धें मैदान एकटा धांवत जाऊन त्यानें जो गोल केला, त्यानें चेल्सीची युरोपच्या अंतिम सामन्यांतली जागा पक्की झाली, आणि तो चषक त्या वर्षीं लंडनला आला. २०१५ च्या जानेवारींत तो ज्या अ‍ॅटलेटिको माद्रिद संघांत लहानाचा मोठा झाला तेथें परत गेला, तेव्हां त्याच्या स्वागताला मैदानावर सुमारें ४५,००० माणसें जमलीं. सामना नव्हता. नुसतें त्याला पाहावयाला तीं आलीं होतीं. त्यांच्याजवळ त्याच्या नांवापुढें कोणताहि आंकडा नव्हता. त्यांना तो पोर म्हणून ठाऊक होता.

आणि आमचे ते अध्यापक? २०१९ सालीं दुसऱ्या एका राज्यांतल्या विद्यापीठांत परिसंवादाला गेलों असतां कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचें नांव पाहिलें. ते तेथेंच प्राध्यापक होते. मी मागच्या रांगेंत बसलों. आवाज तोच होता, तितकाच बारीक. परंतु सभागृहांतलीं तीनशें मुलें कान पुढें करून ऐकत होतीं. कोणी वही उलटली तरी शेजारचा वळून पाही. बारीक आवाजाला गलक्याहून वर चढावें लागतें, हा माझा समज होता. गलक्यालाच खालीं उतरावयाला लावणारा बारीक आवाज असतो, आणि त्याला तेवढा वेळ लागतो, हें मला तेव्हां कळलें.

भाषण संपल्यावर ते स्वतः माझ्याकडे आले. वांकून नमस्कार केला, घरच्यांची चौकशी केली. मीं मनाशीं जुळवून ठेविलेलीं वाक्यें घशांतच राहिलीं. कसाबसा म्हणालों, "त्या वर्षीं आमच्याकडून जरा घाईच झाली."

ते हंसले. त्यांत कडवटपणा नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें. म्हणाले, "नाहीं सर. तुम्हीं पहिल्या दिवशीं माझी ओळख जरा मोठी करून दिली होती, इतकेंच."

माझा मुलगा आतां मोठा झाला आहे. नोकरीनिमित्त दूर असतो. शनिवारीं रात्रीं कधींकधीं त्याचा फोन येतो. त्याच्या संघानें कोणाला किती कोटींना घेतलें तें तो सांगतो, आणि त्या नव्या खेळाडूला हातभर शिव्याहि घालतो. मी पूर्वींप्रमाणें व्याख्यान देत नाहीं. "कधीं आलाय तो?" एवढेंच विचारतों.

दर जूनमध्यें विभागांत कोणी नवें येतें. ओळख करून देण्याचें काम प्रमुख म्हणून अजून माझ्याकडेच आहे. मी वर्गांत जातों, नांव सांगतों, विषय सांगतों, तासाची वेळ सांगतों. आणि खडू त्यांच्या हातांत देऊन, दार हलकेच ओढून घेऊन बाहेर पडतों.